त्रेचाळीस

रविवारी कासच्या रस्त्याला
यवतेश्वरापासूनच गाड्यांचं शेपूट.
मी सकाळी साडेसहाची पाटण गाडी धरली.
पिशवीत भाकरी, ठेचा, दोन इंची ब्रश
आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा अर्ध्या लिटरचा डबा.

डबा क्लबाचा, काम माझं.
पुढच्या रविवारी चाळीस जण येणार,
फाट्याफाट्यावर बाण मारून ये, पिसाळ सर म्हणाले,
कुणी चुकायला नको.
चाळीस हा आकडा मी तिकिटाच्या मागे लिहिला
आणि त्याच्याकडे बघत बसले उंब्रजपर्यंत.

वाडीच्या शाळेमागून वाट चढते.
वाट म्हणजे, गवत जिथे जराशी मान कलती करतं, ती.
मार्गशीर्षातलं पिकलं गवत,
मोज्यांत कुसळं टाचून देणारं.
पहिला बाण आंब्याखालच्या धोंड्यावर.
दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा कारवीत.
चौथा मारताना
दगडावर ब्रश घासल्याचा आवाज
एवढा मोठा आला की मी मागे वळून बघितलं.

कुणी नव्हतं.
खाली मोरणेच्या काठाने एक ट्रॅक्टर
गाणं लावून चालला होता. गाणं पोचत नव्हतं,
नुसता ठोका.
मग तोही डोंगराआड गेला
आणि मला माझ्याच छातीची लाज वाटली,
किती धापा टाकत होती ती, एवढ्या शांततेत.

पाचव्या बाणाशी ठकूबाई झोरे उभी.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काही नाही,
कमरेला कोयता.
"कशापायी रंगीवतीस धोंडं?"
"वाट कळावी म्हणून, मावशी."
"कुणाला?"
मी चाळीस म्हणाले.
ती हसली नाही. बाणाकडे बघत राहिली,
मान आधी डावीकडे, मग उजवीकडे करून.
"ह्यो तर आमच्या पाणवठ्याकडं दावतुय.
वरची वाट मोडली की. श्रावणात कडा आला खाली.
आता म्हशी जातील तिकडनं जायाचं."

मी मोबाईल काढला.
रेंज नव्हती, पण नकाशा होता,
निळा ठिपका होता,
ठिपक्यापुढे वाट होती,
जी मोडली होती.

सड्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली.
तिने कासंडीतलं ताक दिलं.
पलीकडच्या सड्यावर पवनचक्क्या घुमत होत्या.
पहिलं वरीस झोप न्हाई आली, म्हणाली,
आता थांबल्या की जाग येती.

मग डब्याकडे बोट करून,
"ह्यो रंग पावसात जातुय का?"
"नाही जात."
"मंग आण हिकडं."

तिच्या बावीस शेळ्या, येडग्यांच्या एकोणीस.
पाण्यावर मिसळतात आणि
दिवस बुडताना भांडण होतं.
तिने शिंगं धरली, मी ब्रश.
पहिली शेळी शिंकली.
तिसरीने माझ्या ओढणीचं टोक खाल्लं.
काळ्या बोकडाचं नाव तलाठी,
कारण तो सगळ्यांच्या शेतात शिरतो.
त्याला दोन हात द्यावे लागले.
डबा काडीने खरवडून संपला
तेव्हा एका करडाचं डावं शिंग राहिलं होतं.
"ऱ्हाऊंदे," म्हणाली, "वळखू येतंय."

उतरताना पाचवा बाण दगडाने घासत बसले.
मग चौथा. वाळलेला रंग हट्टी,
पुरता गेला नाही. आता तो बाण नाही,
पांढरं काहीतरी आहे,
पाखरू बसून गेल्यासारखं.

मल्हारपेठेला रेंज आली. पिसाळ सर.
"मारलेस का बाण?"
"त्रेचाळीस."
"अगं, एवढे कशाला?"
खिडकीबाहेर अंधार पडला होता.
वर कुठेतरी ते आता एकामागे एक,
एकमेकांना ढुशा देत, वाड्याकडे वळले असतील.
"वाट फार फिरते, सर," म्हणाले,
आणि घोट्याशी टोचणारं कुसळ काढायला
खाली वाकले.